लाकडी बैलाची कावीळ

“मंग त्यायले जेवाले घालतेस काऊन?” गयाबाईनं विचारलं.

हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा आला होता आणि पूनमचं उत्तरही तिसऱ्यांदा तेच होतं. “आजी, त्या मेल्या तर मी अभ्यास कशाचा करू?”

“कॅन्सरच्याच न त्या पेशी?”

“हो. लिव्हरच्या कॅन्सरच्या.”

“म्हणजे माणूस खाणाऱ्या.”

“हो गं.”

“अन् तू त्यायले एक दिवसाआड ताजं जेवण देतेस. अंगाच्या बरोबरीची ऊब देतेस. पोळ्याले घरी आली, त कालपासून दोनदा त्या अनुपले फोन लावला, ‘खायला घातलं का? सगळ्यांना घातलं का?’ तिकडे शेजारची रेणुकाबाई गल्लीत सांगून राह्यली, गयाबाईच्या नातीचं हैदराबादले लेकरू हाय अन् बापाचं नाव अनुप हाय.”

पुरण वाटणाऱ्या सुनयनाचा हात थांबला. पूनमची ती आई. काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगून टाक, अशा नजरेनं तिनं लेकीकडे पाहिलं.

“आई, अनुप माझ्या लॅबमध्ये काम करतो. त्याचं लग्न झालंय.”

“तसं बी असते,” गयाबाई म्हणाली.

खाटेवर बसलेला रविकांत मोठ्यानं हसला. गयाबाईचा हा एकुलता मुलगा, पूनमचा बाप. त्याला हसायला कारण होतं. जोवर भांडण पेशींच्या जेवणावरून चाललं होतं, तोवर ते त्याच्या रक्तावर येणार नव्हतं.

भांडण मुळात सुरू झालं होतं ते त्याच्या कंबरपट्ट्यावरून. पूनम काल संध्याकाळी हैदराबादहून आली तेव्हा बाप ओट्यावर बसून खिळा आणि दगड घेऊन पट्ट्याला नवं भोक पाडत होता. आधीच्या भोकापासून ते चांगलं दोन बोटं आत होतं. मग सुनयनानं हळूच सांगितलं, की भाकर अर्धी ठेवतात, कपाशीत ओळीच्या मधेच बसतात, आणि विचारलं तर ऊन लागलं म्हणतात. भाद्रपद तोंडावर आला होता, ऊन कुठं होतं?

पूनमनं रात्रभर विचार करून सकाळी ठरवून सांगितलं. “बाबा, मी सोमवारी परत जाणार. तुम्ही माझ्याबरोबर आदिलाबादपर्यंत चला. सरकारी दवाखान्यात रक्त द्या, मग मी पुढची बस धरते.”

“मले काय धाड भरली?”

“तुम्हाला लहानपणी कावीळ झाली होती.”

“झालती न. मायनं माळ घातली. कुठवर आलती गं माय?”

“गुडघ्यापर्यंत,” गयाबाई म्हणाली.

“झालं त मंग,” रविकांत म्हणाला, आणि त्याच्या बाजूनं हा विषय संपला.

ही माळ काय ते सांगायला हवं.

गयाबाई कावीळ उतरवते. जैनथच्या पुढे पैनगंगेकडे जाणाऱ्या ऑटोवाल्यांना हे सांगावं लागत नाही. कोणी डोळे चोळत ऑटोत बसला, की ते आरशातून बघून विचारतात, “गयाबाईकडे का?” आणि ज्याची नुसती झोप झालेली नसते तोही घाबरून तिच्या दारात उतरतो. नदीपलीकडून लोक येतात, आदिलाबादकडून येतात. तेलुगू माणसं ‘कामेर्लु, कामेर्लु’ म्हणत डोळ्याखालची कातडी ओढून दाखवतात. गयाबाईला तेलुगू फारसं येत नाही, पण पिवळा रंग सगळ्या भाषांत पिवळाच असतो.

ती माणसाला ओट्यावर बसवते. घेटुळी या औषधी वेलीच्या ओल्या काड्यांचे नखाएवढे तुकडे करते आणि दोऱ्यात एकेक गाठून माळ करते. माळ सुरुवातीला एवढी लहान, की नुसती डोक्यावर टोपीसारखी बसते. मग ती आपोआप वाढते. डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. जितकी माळ खाली, तितकी कावीळ खाली. नवव्या दिवशी गयाबाई ती कापते आणि नदीत सोडायला देते.

हे तिला सासूनं शिकवलं. लक्ष्मीबाईनं खरं तर लेकीला शिकवायचं ठरवलं होतं, पण लेकीच्या गाठी बसत नव्हत्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या गयेच्या बसल्या. पैसा घ्यायचा नाही, एक नारळ घ्यायचा, हा सासूचा नियम तिनं पाळला. म्हणून या घरात वरणातही खोबरं असतं, पिठल्यातही असतं, आणि सुनयना माहेरी गेली की चार दिवस नुसतं बिनखोबऱ्याचं जेवते.

माळ घातलेल्या माणसानं नऊ दिवस घर सोडायचं नाही. शेतात पाऊल टाकायचं नाही. दारू, मटण, तेल बंद. ज्वारीची आंबील प्यायची, उसाचा रस प्यायचा आणि पडून राहायचं. माळ आपल्या हातानं काढली तर कावीळ दुप्पट होऊन येते. आणि नऊ दिवस बायकोवर आवाज चढवायचा नाही. हा शेवटचा नियम लक्ष्मीबाईच्या काळात नव्हता. तो गयाबाईनं घातला. बायका पिवळ्या पडलेल्या नवऱ्यांना इतक्या लगबगीनं तिच्याकडे का आणतात, याचं एक कारण तेही असावं.

सगळ्या माळा नदीत गेल्या, दोन तेवढ्या घरात राहिल्या. देवाच्या कोनाड्याशेजारी खुंटीवर त्या लटकलेल्या आहेत. एक रविकांतची, तो सात वर्षांचा असतानाची, जिच्यामुळे गयाबाईचं नाव झालं. दुसरी तिच्या धाकट्या भावाची, बापूजीची. ती सगळ्यांत लांब. बापूजी उभा राहिला की जमिनीला टेकायची. आलेल्या माणसाचा विश्वास डळमळला, की गयाबाई नुसतं त्या खुंटीकडे बोट करायची.

अशा घरातली नात लिव्हरवर पीएचडी करायला निघाली तेव्हा गयाबाई खूश झाली होती. घरातली विद्या घरात राहिली, असं तिनं चार ठिकाणी सांगितलं. पोरगी उतरवायचं सोडून वाढवायचं काम करते, हे तिला आत्ता पोळ्याला कळलं.

दुपारी बैलांना सजवून रविकांत तोरणाखाली घेऊन गेला. बैल परत आले, ओवाळून झाले, पुरणपोळ्या झाल्या. रविकांतनं दीड पोळी खाल्ली आणि तो आडवा झाला. ते सुनयनानं पाहिलं, पूनमनं पाहिलं, आणि गयाबाईनं पाहिलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात नदीकडचा नागोराव बायकोला घेऊन आला. खरं म्हणजे बायको त्याला घेऊन आली होती. सणाच्या दिवशी कशाला, असं तो म्हणत होता आणि त्याचे डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसत होते. गयाबाईनं त्याला ओट्यावर बसवलं, काड्या पुढे ओढल्या आणि विळी घेतली. पूनम तुकडे मोजून द्यायला बसली. लहानपणापासून हे काम तिचंच होतं.

“एवढं काय असते गं त्या पेशीत?” काडी कापता कापता गयाबाईनं विचारलं. सकाळचा राग आता उत्सुकतेवर आला होता.

“कामगार असतात आजी. एन्झाइम म्हणतात त्यांना. एकेकाला एकच काम येतं. कोणी साखर उचलतो, कोणी ती तोडतो, कोणी चरबी बनवतो. ते नसले तर तीच कामं व्हायला वर्षं लागतील.”

“म्हणजे काम करणारे तेच. पेशी नुसती मालकीण.”

“तसंच. चांगल्या लिव्हरमध्ये साखर उचलणारा जो असतो ना, तो शांत असतो. जेवण झालं, साखर भरपूर आली, की उचलतो. कमी असली की गप्प बसतो. बाकीच्या शरीराला राहू देतो.”

“तुह्या आजोबासारखा.”

“कॅन्सर झालेल्या पेशीत तो जवळजवळ दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी दुसराच येतो. त्याला चिमूटभर साखर दिसली तरी पुरते. उचलतच राहतो. मग पेशी वाढते. एकीच्या दोन, दोनच्या चार.”

“रविकांतासारखा,” गयाबाई म्हणाली. “गुळाचा डबा कुठीबी लपवा.”

आतून खाटेचा आवाज झाला. रविकांत जागाच होता.

“मी त्या दुसऱ्याला अडवणारं औषध घालून पाहते. तो अडला तर पेशी वाढायची थांबते का.”

“थांबते?”

“थोडी थांबते. कधी दुसरीकडून सोय लावून घेते.”

“लावनच. खायची सवय लागलेलं माणूस उपाशी राह्यते का कधी?” गयाबाईनं दोरा दातांत धरून ओढला. “पण एवढ्या बारीक जिवाचं वाढलं का मेलं, तुले समजते कसं?”

पूनमला हा प्रश्न आवडला. तिच्या गाईडनंही पहिल्या दिवशी तोच विचारला होता. “एक पिवळा रंग असतो. बारीक बारीक घरांचं ताट असतं, एकेका घरात पेशी असतात. त्यात तो पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशींमधले एन्झाइम त्याला जांभळा करतात. जितक्या पेशी जिवंत, तितका जांभळा गडद. मेल्या असल्या तर रंग पिवळाच राहतो.”

गयाबाईनं विळीवरून मान वर केली. तिचा चेहरा उजळला. “म्हणजे तू बी पिवळंच पाहतेस!”

“हो की.”

“ऐकलं का नागोराव? आमच्या घरात दोघीबी पिवळ्याच्याच धंद्यात हाओत. माह्या इथं पिवळं गेलं की माणूस वाचला. हिच्या इथं पिवळं गेलं की रोग वाचला.”

नागोराव हसला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं तसा थांबला.

“पण पूनम,” गयाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज बाजारात तूर हातावर घेऊन पाहतानाचा झाला, “रंग आपसूक बदलला नाई कशावरून? ठेवला ठेवला, उडून गेला असन. हवेनं झाला असन.”

“म्हणून एक घर रिकामं ठेवतो. त्यात पेशी नाहीत, बाकी सगळं तेच. तेवढंच पाणी, तेवढाच रंग, तेवढाच वेळ. त्या रिकाम्या घरातही रंग बदलला, तर समजायचं की पेशींचा काही संबंध नाही, आपलंच काही…”

पूनम मधेच थांबली.

गयाबाईचा हात गाठीवर थांबला होता. बोटांत घेटुळीचा ओला तुकडा, दोऱ्याचा फास अर्धा ओढलेला. पूनमनं तो तुकडा पाहिला आणि तिचे कान तापले. माळेबद्दलची हीच शंका तिच्या मनात बीएस्सीपासून होती आणि एकदाही तिच्या तोंडून निघाली नव्हती. आज निघाली ती दुसऱ्याच दारानं, आणि नागोरावच्या बायकोच्या देखत.

“आजी, मी लॅबचं सांगत होते.”

“मी बी तेच ऐकून राह्यली,” गयाबाई म्हणाली. तिनं गाठ ओढली, माळ पुरी केली आणि नागोरावच्या डोक्यावर ठेवली. नऊ दिवसांचे नियम सांगितले. बायकोचा नियम आज जरा जास्तच सावकाश सांगितला. नारळ घेतला आणि तो फोडायला सुनयनाकडे न देता स्वतःच आत घेऊन गेली.

संध्याकाळी माळ्यावरून लाकडी बैल खाली आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. रविकांत लहान असताना सुतारानं करून दिलेला हा चाकांचा बैल. आता घरात तो ओढायला कोणी लहान नाही, तरी दर वर्षी तो पुसला जातो, शिंगांना बेगड लागते आणि तीन-चार दिवस तो कोनाड्यात उभा राहतो. सुनयनानं सकाळी पाहिलं, तर बैलाच्या गळ्यात घेटुळीची ओली माळ होती. गळ्याला घट्ट बसलेली, बारीक गाठींची.

“आत्याबाई, आज बैलाले माळ?”

“सणच हाय त्याचा,” गयाबाई म्हणाली.

पूनमनं जवळ जाऊन गाठी पाहिल्या. अशा गाठी जैनथ मंडलात एकच हात मारतो. तिनं आजीकडे पाहिलं. गयाबाई लसूण सोलत होती. लसूण सोलताना तिच्याशी बोललेलं तिला चालत नाही.

शनिवारी दुपारी मात्र ती आपणहून बोलली. रविकांत रानात गेला होता आणि सुनयना नदीवर कपडे घेऊन. पूनम फोनवर अनुपला ताटातलं कुठलं औषध कुठल्या घरात, हे तिसऱ्यांदा समजावत होती. तिनं फोन ठेवल्यावर गयाबाई तिच्याजवळ येऊन बसली.

“त्या तुह्या पेशी कोणाच्या?”

“म्हणजे?”

“कोण्यातरी माणसाच्याच असतीन न.”

“परदेशातल्या कोणाच्या तरी. खूप वर्षं झाली.”

“तो हाय?”

“नसणार आजी.”

“तो गेला अन् त्याचा रोग राह्यला. खाऊनपिऊन.” गयाबाई जरा पुढं सरकली. मग म्हणाली, “हे लिव्हरच्या कॅन्सरचं सुरू कुठून होते?”

“खूप ठिकाणांहून. दारू असते. भुईमुगाच्या बुरशी आलेल्या शेंगा, त्यातलंही विष असतं. पण आपल्याकडे बरेचदा काविळीच्या विषाणूनं. कावीळ पुष्कळ जातीची असते. एक येते आणि पूर्ण जाते. दुसरी एक असते, तिचा पिवळेपणा जातो, माणूस कामाला लागतो आणि विषाणू आत बसून राहतो. वीस वर्षं, तीस वर्षं. कधीकधी पहिल्यांदाही पिवळा रंग येत नाही.”

“वरून समजत नाई?”

“रक्ताशिवाय नाही.”

गयाबाईची नजर खुंटीकडे गेली. पूनमनंही तिकडे पाहिलं. लांब माळ वाऱ्यानं जराशी हलत होती.

बापूजीला कावीळ झाली तेव्हा पूनमचा जन्मही झाला नव्हता. माळ जमिनीला टेकली म्हणून गयाबाईनं गावात साखर वाटली होती. त्यानंतर बारा वर्षांनी बापूजीचं पोट फुगलं. नागपूरला नेलं, तिथं डॉक्टरांनी लिव्हरवरची गाठ दाखवली आणि उशीर झाला म्हणाले. लोकांनी दारू म्हटलं. बापूजी पीत नव्हता, पण तसं सांगत कोण बसणार? गयाबाईनं माळ खुंटीवरून काढली नाही. ती काढली असती तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं.

“तवा रक्त पाहिलं असतं, त?”

पूनमला खोटं बोलता आलं असतं. “कळलं असतं, आजी. आता त्याला रोजची गोळी असते. विषाणू दबून राहतो. कॅन्सर होण्याचं भय कमी होतं. तेव्हा तशी गोळी मिळाली असती का, ते मला माहीत नाही.”

“अन् हे भावाबहिणीत असते?”

“असू शकतं. आईकडून बाळाला येतं बाळंतपणात. सुईवरून येतं.”

“म्हणजे माह्याकडून रविकांतले बी गेलं असन.”

“असं मी म्हटलं नाही. बाबांना जी झाली ती साधीही असेल. तुझ्यात काही नसेलही. लॅबमध्ये घेताना माझं रक्त पाहिलं, ते साफ निघालं, लस दिली. बाकी घरात कोणाचं काही माहीत नाही.”

“नाई माहीत,” गयाबाई म्हणाली आणि उठली. कोनाड्याजवळून जाताना तिनं लाकडी बैलाकडे एकदा पाहिलं. माळ त्याच्या छातीखाली आली होती.

त्या संध्याकाळी पूनमनं बापाशी पुन्हा बोलून पाहिलं. सुनयनाही बोलली. रविकांतनं दोघींना खुंटीवरची आपली माळ दाखवली. “चाळीस वर्षं झाली त्या माळेले. कावीळ तिच्यासंग गेली. मायवर भरोसा नाई का तुमचा?” आणि असं विचारल्यावर त्या घरात कोणाला काय बोलता येणार होतं?

गयाबाई तिथंच होती. ती काहीच बोलली नाही. आपल्या बाजूनं आहे असं समजून रविकांतनं गुळाचा खडा तोंडात टाकला.

रविवारी सकाळी तो चहा प्यायला बसला आणि त्याचं लक्ष कोनाड्याकडे गेलं. बैलाची माळ पोटाखालून, पायांखालून उतरून चाकांच्याही खाली लोंबत होती. कोनाड्याच्या कडेवरून तिचं टोक बाहेर आलं होतं.

“आरे बाप रे!” रविकांत हसला. “माय, बैलाची कावीळ उतरली!”

सुनयनाही हसली. पूनम हसली नाही. रविकांतचं हसू दोन घोटांपर्यंत टिकलं आणि मग चहाच्या कपाबरोबर खाली आलं. त्यानं बैलाकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, परत बैलाकडे पाहिलं.

“माय, हे काय हाय?”

“रिकामं घर हाय,” गयाबाई म्हणाली. “पूनमच्या ताटात असते तसं. लाकडाले कावीळ होत नाई, रविकांत. काडी ओली असते तवा फुगलेली असते. सुकली की बारीक होते, गाठ सरकते, माळ वाढते. कोणाच्या बी गळ्यात वाढते. नाई घातली तरी वाढते. खुंटीवर विसरलेली एक माळ मी लग्नानंतर चौथ्या वर्षी पाहिली, तवाच समजलं.”

“चौथ्या वर्षी!” सुनयनाच्या तोंडून निघालं. हिशेब केला, तर तिला या घरात येऊन जितकी वर्षं झाली त्याच्याही आधीची गोष्ट होती.

“अन् लोकायले फसवलं तू?” रविकांत उभा राहिला.

“बस खाली. फसवलं म्हणे! नुसतं सांगितलं असतं, नऊ दिवस पडून राय, दारू सोड, तेल सोड, त कोण्या माणसानं ऐकलं असतं? तू ऐकलं असतं? तू त पट्ट्याले भोक पाडतेस पण दवाखान्यात जात नाईस. माळ घातली की माणूस बसते. हलली त तुटन म्हणून भेते. लिव्हरले आराम भेटते. आपसूक उतरणारी कावीळ असते ती उतरते. लक्ष्मीबाईले बी माहीत होतं. ती बी बोलली नाई, मी बी बोलली नाई.”

“मग आता का बोललीस?” पूनमनं विचारलं.

“कारण हा माह्या माळेच्या आड लपून राह्यला.” गयाबाईनं खुंटीवरून बापूजीची माळ काढली. इतकी वर्षं लटकून ती वाळून तडकली होती, हातात घेताच दोन-तीन तुकडे जमिनीवर पडले. “माळ मले एवढंच सांगत होती की काडी सुकली. आतमंधी बसलेलं मले माहीतच नव्हतं. मी साखर वाटली.”

बाहेर रेणुकाबाई कुंपणापाशी बराच वेळ एकच पातेलं घासत होती.

“पण माय, मले काईच झालं नाई,” रविकांत म्हणाला. आवाजात मघाचा जोर नव्हता. सवय होती म्हणून म्हणाला.

“बरं,” गयाबाई म्हणाली.

ती आत गेली आणि पदराआड काहीतरी घेऊन आली. रविकांतला काय ते कळायच्या आत त्याच्या डोक्यावर ओली, घट्ट, बारीक गाठींची माळ बसली होती. ती पहाटे उठून केलेली असणार. रविकांतचा हात डोक्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. समोर कोनाड्यात बैल उभा होता, गळ्यातली माळ चाकांखाली लोंबत होती, आत्ताच त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. तरी आपल्या हातानं माळ काढायची त्याची छाती झाली नाही. हात त्यानं हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

पूनमनं तोंड फिरवलं. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. दोन्ही एकदम दिसणं बरं नव्हतं.

“माय, हे बरोबर नाई,” रविकांत म्हणाला.

“नऊ दिवस आवाज चढवाचा नाई,” सुनयना म्हणाली. सव्वीस वर्षांत हा नियम सांगायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि तिनं तो नीट, शब्द न शब्द सांगितला.

गयाबाईनं बापूजीची माळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, नदीत सोडायला म्हणून बाजूला ठेवली. मग तिनं चूल सारवली, हात धुतले, पदराला पुसले आणि दारात उभी राहून, रेणुकाबाईलाही ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली, “उद्या पहिल्या बसनं आपण सगळे पूनमसंग आदिलाबादले जाऊन राह्यलो. पहिले माहं रक्त, मंग रविकांतचं, मंग सुनयनाचं. दवाखान्यापुरतं घर सोडलेलं माळेले चालते. रविकांतची माळ मी कागद हातात आल्यावर कापीन, तवर गूळ बंद. नागोरावले सांगून धाडा, नवव्या दिवशी रक्ताचा कागद आणला तरच माळ सुटन, अन् आजपासून हाच नियम सगळ्यायले. सुनयना, डबा चार जणांचा कर. खोबरं टाकू नको.”